मावळतीचा लोड

संगीता फोन कानाला लावायच्या आधीच उठून पॅनलपुढं उभी राहिली. दिवस टेकायच्या वक्ताला सबस्टेशनचा फोन वाजला की तो कशासाठी, हे तिला आता विचारावं लागत नव्हतं.

"आंबेदरा सबस्टेशन?" पलीकडून वरच्या कंट्रोल रूममधल्या बाईचा आवाज आला. "सोलर उतरलं. वारं पण पडलंय. तुमच्याकडून एक मेगावॅट कमी करा. लगेच, फ्रिक्वेन्सी घसरतेय."

"करते मॅडम."

तिनं गावठाणचं हँडल धरून डावीकडं पिळलं. आत ठक्क झालं. मग माळवस्तीचं. पुन्हा ठक्क. खिडकीतून दिसणारं आंबेदरा गाव पुसल्यासारखं झालं आणि त्याच्या वर, माळाच्या कडेला, तिच्या स्वतःच्या वस्तीतले चार-दोन दिवेही गेले. तिसरं हँडल तसंच राहिलं. त्याच्यावर लाल रंगात 'खडी' लिहिलेलं होतं. टेकडीच्या पोटातून मोहनरावांच्या खडी फोडायच्या क्रशरचा आवाज येत होता, दाढेखाली दगड भरडल्यासारखा. तो थांबला नाही.

"मिळाला लोड," फोनमधली बाई म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

संगीता धारूरच्या अलीकडच्या धनगरवस्तीतली पहिली आयटीआय शिकलेली सून. ठेकेदाराकडून ऑपरेटर म्हणून लागली तेव्हा सासू ताराबाईनं वस्तीभर गूळ वाटला होता. तयार होणारी वीज आणि जळणारी वीज दर घडीला सारखी पाहिजे, तोल गेला तर गावच काय, सगळा मुलूख बसतो, हे आयटीआयच्या सरांनी तिला फळ्यावर काढून दाखवलं होतं. दिवसा माळावरच्या सोलर प्लेटा इतकी वीज ओततात की घ्यायला कुणी पुरत नाही. आणि दिवस बुडाला की प्लेटा गप, अन् सगळी घरं एकदम बटन दाबतात. तेव्हा कुणीतरी अंधारात बसल्याशिवाय बाकीच्यांचा उजेड टिकत नाही. हे तिला पटलेलं होतं. तिचं डोकं फिरायचं ते दुसऱ्याच गोष्टीनं. कुणीतरी बसायचं, तर रोज तेच का?

गाव आणि वस्ती मिळून जेवढा लोड, तेवढाच एकट्या खडीचा. पहिल्याच दिवशी सबस्टेशनचे इंजिनिअर कुलथे साहेबांनी तिला बजावलं होतं, "या दोन हँडलांचं काय करायचं ते कर. तिसऱ्याला हात लावायचा नाही."

"सर, त्यो बी लोडच हाय की."

"तुला नोकरी करायचीय ना?"

तिला करायची होती.

पाळी संपवून ती माळ चढली तेव्हा विहिरीवर कालवा चालला होता. मेंढरं दिवसभर उन्हात होरपळून आली होती. त्यांच्या जिभा बाहेर, कुशी भात्यासारख्या हलत होत्या. कोरड्या हौदात तोंडं घालून ती एकमेकांच्या अंगावर चढत होती. मोटार मुकी. ताराबाई रहाटाला भिडली होती. रहाटाचा दांडा ओढताना तिचं सगळं अंग वाकत होतं, पायाच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या होत्या. एक बादली वर येई, हौदात पडे आणि पडायच्या आतच संपे.

"आली का लाईट तोडून?" सासरा म्हाळू काठीनं मेंढरं मागं रेटत म्हणाला. "ये. आता ओढ."

संगीतानं दुपट्टा कमरेला बांधला आणि दांड्याची दुसरी बाजू धरली. 

विहीर गावाची होती. पंचायतीनं पाळी लावून दिली होती: दिवसा गावाची, दिवस कलला की वस्तीची. मेंढरं माघारी येतात तेव्हाच पाणी लागतं, म्हणून तेव्हा सगळ्यांना ते बरं वाटलं होतं. आता मावळतीलाच लाईट जायला लागली आणि वस्तीची पाळी नुसती सांगण्यापुरती राहिली. दिवसा गावाच्या पाळीत गावापेक्षा क्रशरचा टँकरच जास्त भरे. खडीवर पाणी मारावं लागतं, नाहीतर धुरळा उडतो.

म्हाळू एकदा पाळी बदलून मागायला पंचायत ज्यांच्या शब्दावर चाले त्या मोहनरावांच्या दारात गेला होता. संगीताचा नवरा सोमनाथ बरोबर होता, त्यानं घरी येऊन सांगितलं. मोहनराव ओट्यावर बसून दाढी करून घेत होते. म्हाळू पायरीखाली उभा. गालाला फेस तसाच ठेवून मोहनराव म्हणाले, "दिवसा गावानं काय तुझ्या मेंढराचं मूत प्यावं का बे म्हाळ्या?" न्हाव्यासकट सगळे हसले. म्हाळू मोहनरावांपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. तोही कसनुसा हसला आणि परत आला. त्या दिवसापासून त्याचं बोलणं कमी झालं आणि काठी आपटणं वाढलं.

वैशाख तापत गेला. ढगाचा मागमूस नव्हता. व्यालेल्या मेंढ्यांचं दूध आटलं आणि कोकरं आचळाला धडका देऊन देऊन आडवी व्हायला लागली. गावातल्या बायका संगीताला पाहून मुद्दाम मोठ्यानं बोलत. "हिच्या हाताला कीड पडो," असं एकीनं तोंडावर म्हटलं. संगीता पुढं गेली. सांगणार काय? हँडल तिच्याच हातात होतं.

एका मावळतीला फोन आला, तिनं गावाचा आणि वस्तीचा असे दोन्ही फीडर पाडले आणि खुर्चीवर टेकते न टेकते तोच तिचा मोबाईल वाजला. सोमनाथ होता. त्याच्या आवाजामागं मेंढरांचा आकांत ऐकू येत होता.

"संगे, लाईट सोड. आयचा हात मोडलाय."

"कसा? काय झालं?"

"रहाटाचा दांडा सुटला. भरली बादली खाली गेली न् दांडा उलटा फिरला. कोपराखाली हात पार वाकडा झालाय. अंधारात काय दिसंना. मेंढरं हौदावर पडलीत, दोन कोकरं तुडवून मेली. थोडा वेळ सोड ना गं!"

तिचा हात माळवस्तीच्या हँडलवर गेलाही. पण वस्ती सोडायची तर तेवढा लोड दुसरीकडं पाडायला हवा. तिनं कुलथे साहेबांना फोन लावला. "सर, माळवस्ती सोडते आन् तेवढ्यापुरता खडी पाडते. घरी आत्याला लागलंय. अर्ध्या घंट्याचा सवाल हाय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" साहेब म्हणाले. मागं टीव्ही चालू होता. "मोहनरावांचा माल हायवेच्या कामाला चाललाय. लागलंय तर दवाखान्यात न्या. लाईटीनं हाड जुळणार आहे का?"

टेकडीतून क्रशर खडखडत होता. संगीतानं हँडलवरचा हात काढला. तिच्या तळहाताला घाम सुटला होता. तो तिनं ड्रेसला पुसला, पुन्हा पुसला.

ताराबाईला पिकअपमधून धारूरला नेलं. दुसऱ्या दिवशी ती गळ्यात हात अडकवून परत आली. प्लास्टर खांद्यापर्यंत होतं. डॉक्टरनं सांगितलं होतं, हा हात आता जड काम करायचा नाही. ज्या हातानं तिनं पंचवीस वर्षं मेंढ्या पिळल्या, लोकर कातली, भाकरी थापल्या, तो हात पांढऱ्या ओंडक्यासारखा मांडीवर पडला होता.

संगीतानं भाकर कुस्करून तिच्यापुढं धरली. ताराबाईनं घास घेतला नाही. सुनेकडं बघत राहिली.

"खरं सांग संगे. लाईट तूच तोडली व्हतीस ना?"

"मीच, आत्या."

"आन् त्या मोहनरावाची?"

"त्याची तोडायची न्हाई असं सायबानं सांगितलंय."

"कागदावर सांगितलंय?"

"न्हाई. तोंडानं."

"तोंडानं!" ताराबाईच्या नाकपुड्या थरथरल्या. "म्या समजत व्हते वरून सरकारच तोडतंय. त्यास्नी काय आपलं तोंड बघून वैर न्हाई, म्हनून गप ऱ्हायले. आन् हितं तर माझ्या सुनेच्या हातानं माझा हात मोडला, त्या मुडद्याचे धोंडे फोडायला! तुला लाज न्हाई वाटत?"

सोमनाथ दारात उभा होता. "आय, तिची नोकरी जाईल," तो पुटपुटला.

"जाऊ दे चुलीत!"

संगीतानं भाकरीचं ताट खाली ठेवलं. तिला सासूचा राग आला नाही. सासूचं एकेक अक्षर खरं होतं, आणि खऱ्यानं जी आग होते ती तिच्या छातीत झाली. 

पुढल्या मावळतीला ती फोनची वाट पाहतच बसली होती. वायरमन तानाजी स्टुलावर बसून तंबाखू मळत होता. पन्नाशीचा, भला, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. फोन वाजला.

"सोलर उतरलं. एक मेगावॅट काढा."

"काढते मॅडम," संगीता म्हणाली. तिनं लाल अक्षरांवर हात ठेवला आणि हँडल पिळलं.

ठक्क.

क्रशर एकदम नाही थांबला. त्याच्या पोटात दगड होते, ते दळत दळत तो मंद होत गेला, मग दोन-तीनदा ढेकर दिल्यासारखा आवाज आला आणि गप झाला. तानाजीच्या हातातली तंबाखू सांडली. इतकी शांतता त्या टेकडीत कुणी ऐकली नव्हती. माळावर कुत्रं भुंकलं ते इथवर ऐकू आलं. गावात दिवे तसेच होते. वस्तीतही. विहिरीवरची मोटार घूं घूं करत होती.

"मिळाला लोड. थँक्यू," फोनमधली बाई म्हणाली.

बस्स. कुणाचा लोड, कुठला फीडर, काही नाही. तिला मेगावॅट हवा होता, तो मिळाला होता. आजवर रोज मिळाला असता. संगीता फोन हातात धरून तशीच उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटलं.

"बाई, काय केलंस हे?" तानाजी म्हणाला. "खाईल त्यो पप्पू तुला."

"खाऊ द्या."

पप्पू म्हणजे मोहनरावांचा धाकटा, क्रशरचा सगळा कारभार त्याच्याकडं. त्याची जीप फाटकातून सरळ आत आली. मागून दोघं उतरले. तानाजी 'मी जरा लाईन बघून येतो' म्हणत बाहेर सरकला.

"कुणी पाडलं?" पप्पूनं दारातच विचारलं.

"वरून लोड मागितला, दिला."

"खडी कावून पाडली?"

"रोज गाव पाडते. आज तुमची पाळी."

"पाळी?" पप्पू हसला. "म्हाळ्याची सून मला पाळी लावायली बे! बाजूला हो."

"भाऊ, हँडलला हात लावू नका. वर लोड जमंना झालाय. तुमी चढवला तर सगळंच जाईल."

"तू मला शिकवती का? मेंढरामागं हिंडणारी जात, शिकून काय दिवे लावलेस ते दिसलं."

त्यानं तिला खांद्यानं रेटलं. ती टेबलावर आपटली, कोपरा कमरेत घुसला, डोळ्यांपुढं काजवे चमकले. पप्पूनं हँडल उलटं फिरवलं. टेकडीत क्रशर दात खात सुरू झाला.

लगेच फोन वाजला. संगीतानं उचलला.

"आंबेदरा, लोड परत कसा वाढला?" बाईचा आवाज चढला होता. "काय चाललंय तिकडं?"

संगीतानं फोन पप्पूच्या तोंडापुढं धरला. "सांगा त्यास्नी काय चाललंय."

पप्पूनं फोन हिसकून आदळला.

थोड्याच वेळात पॅनलवरचे सगळे आकडे एकदम पुसले गेले. आंबेदऱ्याला येणारी मोठी लाईनच वरून तोडली होती. गाव गेलं, वस्ती गेली, शेजारची चार गावं गेली आणि क्रशरही गेला. काळोखात पप्पूच्या मोबाईलची बत्ती तेवढी संगीताच्या तोंडावर आली.

"आता बघच तू," तो म्हणाला.

बघायला फार वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ठेकेदाराचा फोन आला: उद्यापासून यायचं नाही. पाच गावं अंधारात घातली, वरिष्ठांचा आदेश मोडला, म्हणून. तानाजीला कुलथे साहेबांनी विचारलं, खडीचा फीडर परत कुणी चढवला? तानाजी म्हणाला, मी लाईनीवर होतो साहेब, मला ठाऊक नाही. संगीताच्या कमरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग पडला होता. ती पोलीस चौकीत गेली, तर मोहनराव आधीच आत चहा पीत होते. तिची तक्रार कुणी लिहून घेतली नाही. "कामाच्या ठिकाणी ढकलाढकली होते कधीकधी," असं जमादार म्हणाला आणि तिला दुपारपर्यंत बाकड्यावर बसवून घरी पाठवलं.

पण गावानं त्या मावळतीला डोळ्यांनी पाहिलं होतं. क्रशर गप होता आणि घरात दिवा जळत होता. असं होऊ शकतं, हे पाहिल्यावर पुन्हा न पाहिल्यासारखं कुणाला करता येईना. जिनं संगीताच्या हाताला कीड पडो म्हटलं होतं, ती छबुबाई स्वतः माळ चढून आली आणि ताराबाईच्या प्लास्टरवर हात ठेवून रडली. "आमाला कुठं ठावं व्हतं बाई," म्हणाली.

"मला तरी कुठं व्हतं," ताराबाई म्हणाली.

संगीताच्या जागी तानाजीला बसवलं. तिसऱ्या मावळतीला वस्तीतली आणि गावातली बरीच माणसं विहिरीवर जमली होती. कुणी बोलावलं नव्हतं. हौदाचा तळ नुकता ओला झाला होता, मोटार चालू होती, मेंढरं रेटारेटी करत होती. सूर्य कड्याआड गेला आणि संगीताचा मोबाईल वाजला. तानाजी होता.

"संगीता," त्याचा आवाज घोगरा होता, "वरून लोड मागितलाय. काय पाडू बाई?"

"मला कावून इचारता तानाजीकाका?"

"तू सांग ना. गाव पाडू का खडी? कुलथे सायेब म्हनत्यात खडीला हात लावला तर तूबी घरी."

संगीतानं सासूच्या हाताकडं पाहिलं. सोमनाथ, म्हाळू, छबुबाई, सगळे तिच्या तोंडाकडं पाहत होते.

"हात तुमचा हाय," ती म्हणाली. "म्या न्हाई सांगनार. तुमीच ठरवा."

 तानाजीनं फोन बंद केला.

मोटार थांबली. गावातले दिवे गेले, वस्तीतले गेले. टेकडीतून क्रशरचा खडखडाट तेवढा येत राहिला, आणि अंधारात तो आणखीच मोठा वाटला.

"हलकट!" सोमनाथ ओरडला. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोघा-तिघांनी सबस्टेशनवर जाऊन तानाजीला बाहेर ओढायची भाषा केली.

"त्याला कशाला?" संगीता म्हणाली. "त्यो बी माझ्यावानीच. उद्या तिसरा बसवतील. खडी तिकडं हाय."

तिनं टेकडीकडं बोट केलं.

 म्हाळूनं काठी उचलली आणि तोंडानं कळप वळवायचा लांबट आवाज काढला. सगळा कळप हौदातून तोंडं काढून वळला. तहानेनं पिसाळलेली मेंढरं त्याच्या मागं उतारावरून निघाली. सोमनाथ एका बाजूनं, संगीता दुसऱ्या. मागून गाव. ताराबाई हात सावरत, दगडाला ठेचकाळत, शिव्या देत येत होती. कुणी तिला थांब म्हटलं नाही.

क्रशरचा रस्ता टेकडीच्या कुशीतून एकेरीच होता. एका अंगाला कापलेला कडा, दुसऱ्या अंगाला खाण. म्हाळूनं कळप रस्त्याच्या मधोमध नेला आणि थांबवला. मेंढरं दमलेली होती. एक बसलं, मग दुसरं, मग सगळा रस्ताच लोकरीनं भरला. कडेला बायका बसल्या. ताराबाईनं प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि रस्त्याच्या बरोबर मधे पाय पसरले.

खडी भरलेला पहिला हायवा ट्रक वरून उतरला. त्याच्या दिव्यांत धुरळा पिवळा दिसत होता. ड्रायव्हरनं ब्रेक मारले, हॉर्न दाबून धरला. मागं दुसरा येऊन थांबला, त्याच्या मागं तिसरा. भरलेले ट्रक हलेनात, माल टाकायला जागा उरली नाही, तसा वरती खडी वाहणारा पट्टा बंद करावा लागला आणि क्रशरचा घसा बसत गेला.

पप्पू पळत खाली आला, त्याच्यामागं मोहनराव. घाईत नेसलेलं धोतर त्यांच्या पायात येत होतं.

"म्हाळ्या! मेंढरं उठव!" ते लांबूनच ओरडले. "पोलिस बोलावतो! एकेकाला आत टाकतो!"

"बोलवा," संगीता म्हणाली. "ह्या वक्ताला तक्रार लिहून घेतील तरी."

पप्पू कळपात घुसला. त्यानं एका मेंढीच्या पेकाटात लाथ घातली. मेंढी बेंबाटली, पण उठली नाही. तिच्या अंगात उठायचं त्राणच नव्हतं. सोमनाथ पुढं झाला आणि त्यानं पप्पूची कॉलर धरली. गावातले आणखी चौघे उठून त्याच्या बाजूला उभे राहिले. पप्पूनं आजूबाजूला पाहिलं. त्याची माणसं हायवांच्या मागंच राहिली होती. त्यानं सोमनाथचा हात झटकला आणि दोन पावलं मागं गेला.

मोहनरावांनी आवाज बदलला. "म्हाळू, काय मागणं हाय ते उद्या बसून बोलू. आपण एका गावचे. आत्ता ही जनावरं तेवढी उठव."

म्हाळू काठीवर दोन्ही हात ठेवून उभा होता. हायवाचे दिवे त्याच्या तोंडावर पडले होते, तरी त्यानं डोळे मिटले नाहीत.

"म्या उठवून काय व्हतंय," तो म्हणाला. "पानी प्याल्याबिगर उठायची न्हाईत ती."